कॉम्प्युटरात शिट्टी कोण मारतंय?

जयसिंगपुरात आवाजाचं कुणाला वावडं नाही. सांगली-कोल्हापूर रस्ता गावातूनच जातो, त्यामुळे वडाप, एसटी आणि डंपर यांचे हॉर्न दिवस उजाडायच्या आत सुरू होतात. मिरज-कोल्हापूर मार्गावरची रेल्वे स्टेशनात शिरताना आपण आल्याची वर्दी साऱ्या गावाला देते. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतात. त्यांच्या टेपवरची गाणी ट्रॅक्टरच्या आधी चौकात पोचतात आणि ट्रॅक्टर दिसेनासा झाला तरी चौकातच असतात. शिवाय विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते, तेव्हा यंदा पहिली उचल किती मागितली हे कळायला मैदानात जावं लागत नाही. या सगळ्या गदारोळात माणसं जेवतात, दुपारी आडवी होतात, फोनवर सोयरिकी जुळवतात.

आणि अशा गावात एखाद्या दुकानातल्या कॉम्प्युटरमधून बारीक, टोकदार ‘ईंऽऽऽ’ यायला लागलं की दुकानातल्या माणसांचं डोकं उठतं.

दुकान कुठलंही घ्या. खतं, बियाणं आणि औषधं विकणारी कृषी सेवा केंद्रं शिरोळ तालुक्यात हवी तेवढी आहेत. काउंटरच्या मागे टेबल, टेबलावर मॉनिटर, टेबलाखाली कॅबिनेट, कॅबिनेटवर तणनाशकाच्या पत्रकांचा गठ्ठा, बाजूला यूपीएस. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि लाल कापडाच्या वह्या फळीवर चढल्या, तेव्हा हे धूड दुकानात आलं. कंपनीचं नव्हे, असेंबल केलेलं. त्यावर टॅली चालतं. टॅलीवर बसणारी मुलगी बी.कॉम. झालेली, विशीतली. मालक पंचावन्नच्या पुढचे. तपासातली पहिली अडचण या दोन वयांमध्येच आहे.

“काका, कॉम्प्युटर शिट्टी मारालाय.”

“कुठं? मला काय ऐकू येईना.”

“आत्ता बी येतंय की.”

“फॅनचा असंल.”

“फॅन बंद हाय काका. लाइट गेलीया न्हवं मगाशी. यूपीएसवर चाललंय सगळं.”

यावर मालक थोडा वेळ मान तिरकी करून बसतात आणि निकाल देतात, “तसला काय आवाज नाही. तुमचे कानच लई नाजूक, दिवसभर कानात ते इअरफोन.”

न्यायाच्या दृष्टीनं पाहिलं तर दोघंही खरं बोलतात. माणसाला साधारण 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं असं शाळेच्या पुस्तकात असतं. पण तो आकडा कोवळ्या कानांचा. वय वाढतं तशी वरची बाजू झिजत जाते. कानाच्या आत शंखाकृती कॉक्लिया असतं. त्यातल्या ज्या केसपेशी सर्वांत उंच सूर टिपतात, त्या अगदी दारातच बसलेल्या असतात आणि आयुष्यभराचा गोंगाट पहिल्यांदा त्यांच्यावरूनच जातो. पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळ माणसांना 12,000 हर्ट्झच्या वरचं फारसं काही पोचत नाही. त्यांना याचा पत्ताही नसतो, कारण ऐकू न आलेल्या आवाजाची आठवण कुणालाच होत नाही. बहिरा झालो असं कोणी म्हटलं तर ते भांडायला उठतील. माणसांचं बोलणं, गाणं, गिऱ्हाइकाची हाक हे सारं खालच्या पट्टीत असतं आणि तिथं त्यांचा कान शाबूत असतो. उधारीचा विषय निघाला तर जास्तच शाबूत.

गंमत म्हणजे याच मालकांनी तरुणपणी असलाच आवाज ऐकलेला असतो. 1987 साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी अख्खी गल्ली. त्या काळचा काचेच्या नळीचा टीव्ही सुरू असला की आवाज पूर्ण बंद ठेवूनही पोरांना दाराबाहेर कळायचं. भारतातल्या टीव्हीचं चित्र 625 रेघांचं आणि सेकंदाला 25 चित्रं. गुणाकार केला की 15,625. तेवढ्या वेळा किरण उजवीकडून डावीकडे परत खेचावा लागे आणि ते काम करणारा मागचा ट्रान्सफॉर्मर बरोबर तेवढ्याच हर्ट्झला कोकलत असे. पोरं त्या आवाजाच्या मागावर दार गाठत आणि घरातली आजी विचारात पडे की ह्यांना कळतं तरी कसं.

वयाच्या या फरकाचा एकानं धंदाही केला. 2005 साली वेल्समधल्या हॉवर्ड स्टेपलटन या गृहस्थानं 17,400 हर्ट्झच्या आसपास किरकिरणारं एक यंत्र काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मॉस्किटो’. दुकानासमोर टोळकं करून उभ्या राहणाऱ्या पोरांना तो आवाज असह्य होई आणि मोठ्या गिऱ्हाइकांना त्याची दादही नसे. पोरंही काही कमी नाहीत. त्यांनी तोच आवाज मोबाइलची रिंगटोन म्हणून लावला आणि वर्गात गुरुजींना पत्ता न लागता फोन वाजू लागले. 2006 चं इग-नोबेल शांतता पारितोषिक स्टेपलटनला मिळालं ते या दोन्ही कामगिऱ्यांबद्दल. जयसिंगपूरच्या चौकात पानपट्टीपुढं हे यंत्र बसवावं असं एखाद्याला वाटेल, पण तिथं उभी राहणारी मंडळी बहुतेक चाळिशीची असल्यामुळे खर्च वाया जाईल.

असो. मालकांना ऐकू येत नसलं तरी तपासाचं नेतृत्व त्यांच्याकडेच असतं, कारण दुकान त्यांचं.

पहिला संशय फॅनवर. कॅबिनेटचा पत्रा काढला जातो आणि आतून एका हंगामाची धूळ बाहेर पडते. त्यात युरियाची भुकटी असते, शेंगदाण्याची टरफलं असतात, एखादी हरवलेली पावती असते. ब्लोअर आणला जातो. धूळ कॅबिनेटमधून निघून फळीवरच्या लाल वह्यांवर बसते. सगळे खोकतात. मशीन पुन्हा चालू होतं. ‘ईंऽऽऽ’.

खरं तर फॅनला इथंच निर्दोष सोडायला हवं. मिनिटाला 1,500 फेरे घेणारा सात पात्यांचा फॅन म्हणजे सेकंदाला 25 फेरे. 25 गुणिले 7, म्हणजे 175. हा खर्जातला घरघराट झाला. बेअरिंग सुकलं तर फॅन कुरकुरतो, खडखडतो, सकाळी थंडीत जरा जास्त रडतो, पण सुईच्या टोकासारखी सलग शिट्टी त्याला सहसा जमत नाही. हार्ड डिस्कचंही तेच. तिची तबकडी मिनिटाला 7,200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. जुन्या, छऱ्यांच्या बेअरिंगच्या डिस्क वयात आल्या की किंचाळायच्या. पुढं तेलावर तरंगणारी बेअरिंगं आली आणि त्यांची तोंडं बंद झाली. पण हे गणित कोणी करत नाही. एक जण पेन्सिल घालून फॅन क्षणभर थांबवतो आणि दुसरा म्हणतो, “बघा, जरा कमी आलं.” कमी आलेलं नसतं. त्यानं डोकं हलवलेलं असतं.

या डोकं हलवण्यात सगळी मेख आहे. आवाज कुठून येतो हे माणूस दोन कानांच्या भांडणातून ठरवतो. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानं 1907 मध्ये हे नीट मांडलं: खालच्या सुरांत कान वेळेचा फरक धरतो, कारण एका कानाला लाट आधी पोचते आणि दुसऱ्याला नंतर, वरच्या सुरांत तो जोराचा फरक धरतो, कारण डोकं मधे येतं आणि पलीकडच्या कानावर सावली पडते. टाळी वाजली, भांडं पडलं, कुत्रं भुंकलं तर हे यंत्र झकास चालतं. पण सुरू केव्हा झाला ते न कळणारा, एकाच उंचीचा, न थांबणारा सूर आला की कानाला धरायला काही उरत नाही. त्यातच खोलीच्या भिंतींवरून, काउंटरच्या काचेवरून, औषधांच्या डब्यांवरून तो परततो आणि गेलेल्या लाटेत मिसळतो. कुठं दोन लाटा एकमेकींना उचलून धरतात, कुठं मारून टाकतात. 8,000 हर्ट्झच्या आवाजाची लाट असते जेमतेम 4.3 सेंटिमीटरची. म्हणजे मान दोन बोटं इकडे केली तर आवाज मोठा, दोन बोटं तिकडे केली तर गायब.

आता दुकानातलं दृश्य पाहा. एक जण टेबलाखाली ओणवा. एक जण मॉनिटरच्या मागे. खत न्यायला आलेला गिऱ्हाईक पोत्यावर चढून माळ्याकडे कान लावून उभा. चौघांनी चार दिशांना बोट केलेलं आणि चौघांचीही शपथ घ्यायची तयारी. कुणी म्हणतं मॉनिटर, कुणी म्हणतं यूपीएस, पोत्यावरचा म्हणतो, “ह्यो आवाज शेजारच्या दुकानातनं येतोय, लिहून ठेवा.” जयसिंगपूर शाहू महाराजांनी वसवलं, वडील जयसिंगराव घाटगे यांचं नाव दिलं आणि रस्ते काटकोनात आखून घेतले. इथं गल्ल्यांना नंबर आहेत. नवखा माणूससुद्धा बरोबर घरासमोर जाऊन उभा राहतो. एवढ्या सरळ आखलेल्या गावात दोन फुटी डब्यातल्या आवाजाचा पत्ता लागू नये, हे मालकांच्या मनाला लागतं.

मग जाणकार येऊ लागतात.

पहिला समोरचा टू-व्हीलर मेकॅनिक. त्याच्याकडे लांब स्क्रू-ड्रायव्हर असतो. टोक इंजिनावर, मूठ कानाच्या हाडावर, आणि टॅपेट वाजतंय की टायमिंग चेन हे तो डोळे मिटून सांगतो. ही पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे. कंप हवेतून न येता लोखंडातून थेट हाडात जातो. पण चालू मदरबोर्डवर लोखंडी टोक टेकवायला निघालेल्या माणसाला पाहून टॅलीवाली मुलगी ओरडते आणि पुढचा अनर्थ टळतो. तिथं लोखंडाचं काम नाही, कागदाचं आहे. वर्तमानपत्राची पुंगळी करावी, एक तोंड कानाला लावावं आणि दुसरं बोर्डावरून अधांतरी फिरवावं. 1816 साली पॅरिसमध्ये रेने लायनेक या डॉक्टरानं एका तरुण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला म्हणून कागदाची गुंडाळी केली, आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. पुंगळीमुळे आजूबाजूचा परतीचा आवाज गाळला जातो आणि बोट एकाच जागेवर येतं.

पण पुंगळीची कल्पना सुचायच्या आधी कॉम्प्युटरवाला येतो. त्याच्याकडे सर्व रोगांवर एकच काढा असतो.

“फॉरमॅट मारायला लागंल.”

“अहो इंजिनिअर, शिट्टी वाजालीया, व्हायरस न्हाई आलाय.”

“व्हायरसनं बी वाजू शकतंय.”

फॉरमॅट कसाबसा टळतो. मग तो रॅम काढतो, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवतो, फुंकर मारतो आणि पुन्हा बसवतो. महाराष्ट्रात खोडरबराचा सर्वांत जास्त खप शाळांत होतो की कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत, हे कुणीतरी तपासायला हवं. नंतर अर्थिंगचा प्रश्न निघतो. मागच्या अंगणातल्या खड्ड्यात मीठ, कोळसा आणि दोन बादल्या पाणी जातं. ते चांगलंच काम आहे, करावंच. पण शिट्टी थांबत नाही. शेवटी एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, बदलून बघू, असं ठरतं. हा निदान संशयितांच्या घरातला माणूस. तो बदलला की आवाज कधी थांबतो, कधी थांबत नाही. थांबला तर कॉम्प्युटरवाला हुशार ठरतो. न थांबला तर पीस लोकल निघालं असं ठरतं.

खरा शोध मात्र टॅलीवाली मुलगी लावते, तोही काम करता करता. तिच्या लक्षात येतं की माउसचं चाक फिरवून लेजर वर-खाली केलं की शिट्टीचा सूर बदलतो. ‘ईंऽऽ’चं ‘चिर्रर्र’ होतं. वर्षभराचा स्टॉक रिपोर्ट काढायला लावला की आवाज जवळपास बंद. रिपोर्ट तयार होऊन स्क्रीन निवांत झाली की पुन्हा सुरू.

“काका, काम दिलं की गप बसतोय. काम नसलं की वरडतोय.”

“हे तर आपल्या नगरपालिकेच्या उलट झालं,” मालक म्हणतात.

तिनं जे पाहिलं ते शंभर टक्के बरोबर आहे आणि जगभरच्या इंजिनिअरांनी हेच पाहिलं आहे. प्रोसेसरला लागतो सुमारे एक व्होल्ट. एसएमपीएसकडून बोर्डाला येतात 12. हे 12 चे 1 करायला बोर्डावर प्रोसेसरच्या कडेनं काळ्या-करड्या चौकोनी वड्या ओळीनं बसवलेल्या असतात. त्या कॉइल. वीज सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद करायची, कॉइलनं ती सपाट करायची आणि मधल्या खाचखळग्यांत कपॅसिटरनं भर घालायची. लाखांतली ही उघडझाप कुठल्याच माणसाला ऐकू येत नाही, कुत्र्यालाही नाही. पण काम नसलं की प्रोसेसर डुलकी घेतो, वीज कमी लागते, आणि काटकसरी सर्किट सलग उघडझाप सोडून ठोक्याठोक्यानं चालू लागतं: थोडी वीज, मग खाडा, पुन्हा थोडी वीज. हे खाडे सेकंदाला काही हजार पडले की गणित नेमकं आपल्या कानाच्या टापूत येऊन उभं राहतं.

तरी वीज म्हणजे वीज. ती वाजेल कशी? जेम्स जूल हा मँचेस्टरजवळच्या बिअरच्या कारखानदाराचा मुलगा. 1842 मध्ये त्यानं दाखवलं की लोखंडाला चुंबकत्व दिलं की त्याची लांबी बदलते. बदलते ती दहा लाखांत काही भाग एवढीच. पण कॉइलच्या गाभ्याला हे सेकंदाला हजारो वेळा करायला लावलं की तो थरथरतो, आणि त्याच्याभोवतीचे तांब्याचे वेढेही एकमेकांना ओढत-ढकलत थरथरतात. शेजारी असतात सिरॅमिकचे पिटुकले कपॅसिटर. पिअर आणि जाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये काही स्फटिक दाबले की वीज निघते हे दाखवलं आणि पुढच्याच वर्षी वीज दिली की स्फटिक आकार बदलतो हेही. कपॅसिटरमधली सिरॅमिक माती याच स्वभावाची. तो फुगतो आणि आकसतो, आणि त्याचे दोन्ही पाय ज्या बोर्डाला डाख दिलेले असतात तो बोर्डही वाकतो. कपॅसिटर तांदळाएवढा, पण वाजतो वीतभर बोर्ड.

घरात पोराचा गेम खेळायचा कॉम्प्युटर असेल तर तिथं कारण उलटं असतं. तिथं ग्राफिक्स कार्ड वाजतं, आणि तेही धुमश्चक्रीच्या वेळी नव्हे, तर गेम सुरू होण्याआधीच्या रिकाम्या मेन्यूवर. चित्र सोपं असतं म्हणून कार्ड सेकंदाला हजार-हजार वेळा तेच चित्र रंगवत बसतं आणि तेवढ्याच झटक्यांनी वीज ओढतं. फ्रेमच्या संख्येवर मर्यादा घातली की गप्प. पोरानं अभ्यासाच्या वेळी हे ज्ञान मिळवलेलं असतं, म्हणून तो सांगत नाही.

हे सगळं भौतिकशास्त्र एका माणसाला न शिकता माहीत असतं आणि तो दोन गल्ल्या सोडून बसतो: मोटार रिवाइंडिंगवाला मेस्त्री. कृष्णा आणि पंचगंगेच्या काठच्या या तालुक्यात विहिरी, बोअर आणि नदीवरच्या उपसा योजनांच्या मोटारी जळत असतात आणि मेस्त्रीच्या दारात रांगेनं पडलेल्या असतात. तो जळालेली तार तोडतो, नवी भरतो, वाइंडिंग वार्निशमध्ये बुचकळतो आणि भट्टीत सुकवतो. वार्निश कशाला, असं विचारलं तर तो म्हणतो, “तार हालू नये म्हणून. हालली की गुणगुणती, गुणगुणली की घासती, घासली की जळती.” ट्यूबलाइटचा जुना चोक का गुणगुणायचा, डीपी रात्रभर ‘हंऽऽ’ का करतो, हे त्याला विचारायचं. आपली वीज 50 हर्ट्झची. एका फेऱ्यात लोखंड दोनदा ताणलं जातं, म्हणून ट्रान्सफॉर्मरचा खर्ज बरोबर 100 हर्ट्झचा. मेस्त्रीला आकडा ठाऊक नसतो, पण स्टॅम्पिंग ढिली आहे की वेढा मोकळा आहे हे तो दारातून सांगतो.

कुणीतरी त्याला बोलावून आणतं. तो पुंगळीतून ऐकतो, कॉइलच्या ओळीवर बोट ठेवल्यासारखं करतो, पण लावत नाही.

“कॉइल बोलालीया. आत वार्निश नीट बसलं न्हाई.”

“मग मारा की वार्निश.”

“मोटारीचं काम करणारा हाय मी. ह्येच्यात ब्रश घातला तर उद्या तुम्ही मलाच शिव्या घालणार. आणि ह्यात काय बिघाड न्हाई. चालू दे.”

मेस्त्रीनं फुकट दिलेलं हे मत कंपन्या छापील भाषेत देतात. कॉइलची शिट्टी हा बहुतेक ठिकाणी दोष धरत नाहीत. यंत्र काम करतं, आयुष्य कमी होत नाही, म्हणून वॉरंटीत बदलून मिळण्याची खात्री नसते. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेल्या दोन बोर्डांपैकी एक मुका निघतो आणि एक बोलका. कॉइलवर डिंकासारखं इपॉक्सी घालून तिला गप्प करणारे हौशी लोक जगात आहेत. त्यातल्या काहींचा कॉम्प्युटर अजून चालतो.

आवाजाच्या बाबतीत या पंचक्रोशीचं नशीब मात्र विचित्र आहे. जयसिंगपूरहून मिरज हाकेच्या अंतरावर. तिथल्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या माणसं तंबोऱ्याची जवारी काढत बसलेली आहेत. म्हणजे काय करतात? घोडीचा वरचा भाग कानसेनं अशा बेतानं घासतात की तार तिला सरळ न टेकता पुसटशी लागत राहावी आणि सुरात झणत्कार यावा. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा, केसभर पुढं, केसभर मागं, आणि ज्या जागेला तार उमलते तिथं थांबायचं. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये याच घोडीवर शोधनिबंध लिहिला. तार जिथं छेडली तिथं ज्या सुरांना उगवायची बंदी असते, तेही सूर या वक्र घोडीमुळे बंदी मोडून उगवतात, हे त्यांनी दाखवलं. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, 1937 मध्ये गेले. त्यांच्या तंबोऱ्यांच्या जुळणीबद्दल जुनी माणसं अजून बोलतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. थोडक्यात, एका गावात तार किणकिणावी म्हणून कारागीर दोरा सरकवत बसतो आणि पुढच्या गावात तार किणकिणू नये म्हणून मालक पैसे मोजायला तयार असतात. दोन्हीकडे कान लावून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा भाव एकच. मालकांना हे सांगितलं तर ते विचारतील, मिरजेचा कारागीर दोरा घालून कॉम्प्युटर बघंल का?

इथवर तपास मिटल्यात जमा असतो. तेवढ्यात मुलीच्या कॉलेजातला मित्र, जो पुण्यात आयटीत आहे, फोनवर एक भर घालतो आणि मालकांची झोप जाते. 2013 मध्ये इस्रायलच्या डॅनियल गेन्किन, आदी शमीर आणि एरन ट्रोमर या तिघांनी दाखवून दिलं की लॅपटॉपच्या या किरकिरीवरून आत काय गणित चाललंय ते ओळखता येतं. त्यांनी नुसत्या आवाजावरून, तासाभरात, 4,096 बिटांची गुप्त किल्ली बाहेर काढली. लॅपटॉपशेजारी ठेवलेला साधा मोबाइलही त्या कामाला पुरला. चांगला मायक्रोफोन असेल तर चार मीटरवरूनही जमलं. आणि यातला शमीर म्हणजे 1977 च्या प्रसिद्ध आरएसए कुलुपाच्या तीन कर्त्यांपैकी एक. स्वतः केलेलं कुलूप त्यानं कान लावून उघडलं.

मालक खुर्ची ओढून जवळ बसतात.

“म्हणजे समोरच्या दुकानात माझी उधारीची यादी ऐकू जातीय?”

“तसं न्हाई काका. त्याला लई मोठं गणित लागतंय.”

“त्यांचा पोरगा इंजिनिअरिंगला हाय.”

धीर देण्यासाठी सांगता येईल की व्यवहार उलट्या दिशेनंही चालतो. 2008 च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेग या इंजिनिअरानं चालू हार्ड डिस्कच्या रांगेसमोर तोंड नेऊन जोरात आरोळी ठोकली आणि डिस्कचा वेग त्या क्षणी मंदावल्याचं आलेखावर दाखवलं. तबकडीवरची सुई ओरडण्यानं हादरली होती. तेव्हा मार्चअखेरीला टॅली अडकलं म्हणून कॉम्प्युटरवर खेकसणारे व्यापारी आपलं काम स्वतःच लांबवत असतात. निदान ज्यांच्या डब्यात अजून जुनी फिरती डिस्क आहे ते तरी.

शिट्टीचा निकाल शेवटी मुलगीच लावते. मित्रानं फोनवर सांगितलं त्याप्रमाणे ती कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जाते. तिथं ‘सी-स्टेट्स’ नावाची सोय असते. काम नसताना प्रोसेसरनं किती गाढ झोपायचं हे त्यावर ठरतं. ती सोय ती बंद करते. प्रोसेसर आता डुलकी घेणार नाही, वीज ठोक्याठोक्यानं ओढणार नाही, सर्किटला खाडे पडणार नाहीत. मशीन चालू होतं. ती पुंगळी लावते, डोकं दोन बोटं इकडे करते, दोन बोटं तिकडे करते.

“बंद झालं, काका.”

“काय केलंस?”

“त्याची झोप बंद केली. रिकामा असला तरी जागाच राहणार आता.”

मालकांना हा उपाय मनापासून आवडतो. नोकराची झोप बंद करून एवढ्या लवकर गुण आल्याचं त्यांच्या पाहण्यात नसतं. ते कौतुकानं कॅबिनेटवर थाप मारतात, तणनाशकाची पत्रकं सरळ करून ठेवतात, आणि मग व्यापारी माणसाला जे सुचायचं तेच त्यांना सुचतं.

“जागा राहिला म्हणजे लाइट बिल वाढणार काय गं?”

“थोडं वाढंल.”

“किती?”

“महिन्याला पन्नास-साठ रुपये धरा.”

मालक काउंटरच्या पलीकडे जाऊन उभे राहतात, मान तिरकी करतात, टेबलाकडे रोखून बघतात.

“मला तर त्यो आवाज पहिल्यापासनंच येत नव्हता,” ते म्हणतात. “होतं तसं कर.”